रेषेबाहेरचा चेंडू

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट आहे. आमच्या गांवचें नांव सरकारी कागदोपत्रीं आतां अहिल्यानगर असें झालें आहे. परंतु बोलतांना तोंडीं अद्याप 'नगर' हेंच येतें. तर या नगरांत महाविद्यालयांच्या फुटबॉलच्या सामन्यांत चेंडू मैदानाच्या कडेची रेषा ओलांडून बाहेर गेला, व तो आंत टाकण्याचा हक्क आमच्या संघास मिळाला. ज्याला मुलें नुसता 'थ्रो' म्हणतात तो हा थ्रो-इन. आमच्या एका खेळाडूनें दोन्हीं हातांनीं डोक्यामागून चेंडू फेकला, तो थेट प्रतिपक्षाच्या गोलाच्या तोंडाशीं जाऊन पडला. कडेला उभे असलेले आम्ही आनंदानें टाळ्या वाजविणार, इतक्यांत पंचांनीं शिट्टी फुंकली, फेक चुकीची ठरविली आणि चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं दिला. दहा मिनिटांनीं पुन्हां तोच प्रकार. तिसऱ्या वेळीं तो मुलगा फेकायला गेलाच नाहीं. खालीं मान घालून त्यानें चेंडू दुसऱ्याच्या हवालीं केला. सामना आम्ही एका गोलानें हरलों.

जिमखान्याची देखरेख कांहीं वर्षें आमच्याकडे आहे, म्हणून सामना संपल्यावर आम्हीं पंचांना नम्रपणें विचारलें कीं, मुलानें कोणता नियम मोडला? ते गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, "सर, दोन हातांनीं इतका लांब चेंडू जात नसतो. शिवाय तो हवेंत गिरक्या घेत होता. म्हणजे जोर सगळा उजव्या हाताचा." यावर आम्हांस लगेच कांहीं उत्तर सुचलें नाहीं. मुलाचा उजवा हात कसा घडला हें आम्हांस ठाऊक होतें. तो पाथर्डीकडचा. ज्वारी हुरड्यास आली म्हणजे माळ्यावर उभें राहून गोफण फिरवावयाची, पांखरें उठवावयाचीं, यांत त्याचें बाळपण गेलें. गोफणीचा दगड एकाच हातानें सुटतो, आणि असा हात पुढें कोणत्याही कामाला लागला तरी आपली ओळख सोडीत नाहीं.

घरीं आल्यावर नियमांचें पुस्तक काढलें. फुटबॉलच्या सतरा नियमांपैकीं पंधरावा नियम या फेकीचा आहे. फेकणारानें मैदानाकडे तोंड करून उभें राहावें. दोन्हीं पायांचा कांहीं भाग रेषेवर अथवा रेषेबाहेर जमिनीला टेकलेला असावा. चेंडू दोन्हीं हातांनीं, डोक्यामागून व डोक्यावरून, जेथून तो बाहेर गेला तेथूनच फेकावा. इतकेंच. चेंडूनें गिरकी घेऊं नये किंवा अमुक अंतरापलीकडे जाऊं नये, असें त्यांत कोठेंही म्हटलेलें नाहीं. अक्षरावर बोट ठेवून पाहतां आमच्या मुलाची बाजू बळकट होती. परंतु पंचांच्या मनांत जी शंका आली ती आली कोठून? खेळाच्या बाबतींत अशा शंका पुष्कळदां पुस्तकांतून येत नाहींत, पुस्तकामागच्या इतिहासांतून येतात. म्हणून या एका लहानशा नियमाचा मागोवा घ्यावा असें आम्हीं ठरविलें. तो घेतां घेतां जें हातीं लागलें तें वाचकांस रुचेल अशी आशा आहे. ज्यांनीं जन्मांत फुटबॉलला पाय लावला नाहीं त्यांनाही.

आरंभ इंग्लंडांतील शाळांपासून होतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथील प्रत्येक मोठ्या शाळेचा फुटबॉल निराळा होता व बहुतेक ठिकाणीं हात आणि पाय दोन्हीं चालत. मैदानाची हद्द निशाणांनीं दाखवीत. चेंडू हद्दीबाहेर गेला म्हणजे तो कोणाचा, या प्रश्नाला एक रांगडें उत्तर होतें: जो त्याला प्रथम शिवेल त्याचा. हद्दीच्या रेषेला इंग्रजींत आजही 'टच-लाईन', म्हणजे शिवण्याची रेषा, म्हणतात. तें नांव या रिवाजांतून उरलें आहे. १८६३ सालीं लंडनमध्यें फुटबॉल असोसिएशन स्थापन होऊन पहिली सामाईक नियमावली तयार झाली, तेव्हां हाच रिवाज त्यांत लिहिला गेला. प्रथम शिवणाऱ्या खेळाडूनें, चेंडू जेथून बाहेर गेला तेथून, रेषेशीं काटकोन करून तो आंत फेकावा, आणि जमिनीला लागेपर्यंत तो खेळांत आला असें समजूं नये. एका हातानें कीं दोन, याचा उच्चार नव्हता.

या नियमाचा परिणाम काय होत असेल तो डोळ्यांपुढें आणावा. चेंडू बाहेर गेला रे गेला कीं दोन्हीं पक्षांचे गडी त्याच्यामागें धांवत सुटणार. झुडुपांत, चिखलांत, प्रेक्षकांच्या पायांत. खेळ मैदानांत थांबे आणि मैदानाबाहेर सुरू होई. संकटांत सांपडलेल्या बचावाच्या गड्यानें चेंडू मुद्दाम बाहेर झुगारला तरी त्यांत तोटा कांहीं नव्हता. आपलाच चपळ गडी पहिला पोंचला तर उलट लाभ. चूक करणारालाच तिचें फळ मिळावें असा हा कायदा होता. १८७३ सालीं तो बदलला. ज्या पक्षानें चेंडू बाहेर घालविला त्याच्या विरुद्ध पक्षास फेक मिळेल, असें ठरलें. आज हें इतकें स्वाभाविक वाटतें कीं, याहून निराळें कांहीं असूं शकेल हेंच सुचत नाहीं. पण आमच्या मतें फेकीच्या साऱ्या इतिहासांत याएवढा मोठा बदल दुसरा झाला नाहीं. चेंडू बाहेर घालविणें हें त्या दिवसापासून प्रतिपक्षाला दिलेलें देणें झालें, आणि तो आंत ठेवण्याची कला शिकण्यास प्रत्येकास कारण मिळालें.

काटकोनाची अट मात्र राहिली. सरळ आंत टाकलेल्या चेंडूसाठीं दोन्हीं पक्षांच्या रांगा समोरासमोर उभ्या राहत, व चेंडू ज्याच्या हातापायीं लागेल त्याचा होई. रग्बीच्या खेळानें ही पद्धत आजतागायत जतन केली आहे. याच सुमारास उत्तरेकडील शेफील्ड शहरांतील क्लबांची नियमावली स्वतंत्र होती. तेथें चेंडू हातानें न फेकतां पायानें आंत मारीत, व तो कोणत्याही दिशेस मारण्यास मोकळीक असे. लंडनकरांनीं १८७७ सालीं फेकीला कोणतीही दिशा मोकळी केली, तेव्हां शेफील्डकरांनीं आपली नियमावली सोडून लंडनची पत्करली. अशी ती तडजोड झाली. हात लंडनचा राहिला, दिशा शेफील्डची आली. पुढें पाऊणशें-शंभर वर्षें 'पायानेंच मारूं द्या' अशी जी मागणी अधूनमधून डोकें वर काढते, तिचें मूळ या हरलेल्या शेफील्डच्या बाजूंत आहे.

इकडे खेळाच्या आंतून हाताची हकालपट्टी चालू होती. हवेंतला चेंडू झेलण्याची मुभा १८६६ सालीं गेली. १८७० सालीं हातानें खेळणेंच बंद झालें. १८७१ सालीं गोलरक्षक नांवाचा एकच गडी त्याला अपवाद ठरला, आणि त्याचाही अधिकार पुढें १९१२ सालीं गोलासमोरच्या चौकटीपुरता उरला. म्हणजे उरलेल्या दहा गड्यांना हात वापरण्याची जागा जगांत एकच राहिली, ती ही रेषेवरची. जुन्या वाड्याच्या वांटण्या होतांना एखादा कोनाडा कोणाच्याच वांट्याला न जातां सर्वांचा म्हणून राहावा, तसा हा हाताचा हक्क राहून गेला. आणि कोनाड्यावरूनच भाऊबंदकी जास्त माजते हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

भाऊबंदकीला निमित्त झाला विल्यम गन नांवाचा एक धिप्पाड गृहस्थ. हें नांव आमच्याकडील क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना अजाणतां पाठ आहे. कारण 'गन अँड मूर' या बॅटींतील गन तो हाच. नॉटिंगहॅमच्या या क्रिकेटपटूनें १८८५ सालीं मूर नांवाच्या भागीदाराबरोबर तो बॅटींचा कारखाना काढला. त्यापूर्वीं १८८२ सालीं तो इंग्लंडच्या फुटबॉल संघांतून स्कॉटलंड व वेल्स यांच्याविरुद्ध खेळला होता. सीमेवरून यष्टीकडे चेंडू फेकण्यांत मुरलेला त्याचा हात फुटबॉलच्या मैदानावरही तसाच चाले, आणि एका हातानें तो चेंडू इतका दूर भिरकावी कीं, स्कॉटिश लोकांनीं तक्रार केली, असें सांगतात. गंमत अशी कीं, मार्च १८८२ मधला तो सामना स्कॉटलंडनें पांच विरुद्ध एक असा जिंकला होता! पराभूतानें तक्रार करावी हें समजतें. जिंकणाऱ्यानेंही करावी इतका तो हात लक्षांत राहण्यासारखा असला पाहिजे. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व आयर्लंड या चार देशांच्या संघटना नियम एक करण्यासाठीं मँचेस्टरला जमल्या. गोलाच्या दोन खांबांवर फितीऐवजीं आडवा दांडा असावा, मैदानाची हद्द रेषेनें आंखावी, आणि कडेची फेक दोन्हीं हातांनींच करावी, असे निर्णय तेथें झाले.

या निर्णयाचें मर्म असें कीं, अंतर तोडा असें कोणी म्हटलें नाहीं. हाताचा स्वभाव तोडला. एका हातानें फेकणें ही माणसाची निसर्गदत्त क्रिया आहे. दगड, भाला, गोफण, क्रिकेटचा चेंडू, सर्व एका हाताचीं कामें. दोन हातांनीं डोक्यावरून फेकणें हें कोणत्याच कामाला लागत नाहीं, म्हणून तें कोणाच्याच अंगीं आयतें नसतें. शेतकऱ्याचा मुलगा आणि वकिलाचा मुलगा तेथें सारख्याच अडाणीपणें उभे राहतात. नियम करणारांच्या मनांत हा विचार होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु घडलें तें असें. आणि आमच्या पाथर्डीच्या मुलाच्या वाट्याला आलेली शंका ही त्या १८८२ सालच्या तक्रारीचीच दूरची पणती होय. लांब गेलेला चेंडू पाहून पंचांना जो उजवा हात दिसला, तो त्या मुलाचा जितका तितकाच गनसाहेबाचाही होता.

या खेळाच्या आमच्या देशांतील मोठ्या स्पर्धा सुरू झाल्या त्या या सुधारणेनंतर. सिमल्यास ड्युरँड स्पर्धा १८८८ सालीं, मुंबईस रोव्हर्स करंडक १८९१ सालीं सुरू झाला, व रोव्हर्सचा पहिला मान वूस्टरशायर पलटणीनें नेला. हिंदी नागरिकांच्या संघास, बंगलोर मुस्लिम या क्लबास, तो मिळावयास १९३७ साल उजाडावें लागलें. म्हणजे एका हाताची फेक आमच्याकडील या स्पर्धांत कधीं आलीच नाहीं. त्यांच्या मैदानांवर आमच्या लोकांनीं पाहिला तो दोन हातांचाच खेळ. आमचें नगर हें, १८०३ सालीं ज्याचा किल्ला वेलस्लीनें घेतला तें, छावणीचें गांव. भिंगारच्या बाजूला आजही रणगाडा दलाचें व यांत्रिक पायदळाचें शिक्षण चालतें. गोऱ्या शिपायांचा खेळ भिंतीवरून डोकावून पाहणारीं पोरें येथेंही असलींच पाहिजेत.

येथें एक विचार मनांत येतो. १८७७ सालीं लंडनऐवजीं शेफील्डचा पाय जिंकता तर? १९११ सालीं कलकत्त्यास मोहन बागाननें ईस्ट यॉर्कशायर पलटणीला दोन विरुद्ध एक गोलांनीं हरवून शील्ड जिंकली, तेव्हां त्यांचे अकरांपैकीं दहा गडी अनवाणी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें फ्रान्सशीं एका गोलानें हरलेल्या आपल्या संघांतही बहुतेकांच्या पायांत बूट नव्हते. ओल्या, जड झालेल्या चामडी चेंडूला उघड्या पावलानें रेषेवरून लांब मारणें आणि बुटानें मारणें यांत पुष्कळ अंतर पडलें असतें. फेकीच्या वेळीं मात्र बूट आणि अनवाणी पाय दोघेही नुसते जमिनीवर टेकलेले. काम सारें हातांचें. साऱ्या सामन्यांत गोरा शिपाई व आमचा गडी अगदीं बरोबरीनें उभे राहत असे क्षण थोडे होते, त्यांतला हा एक.

आमच्या देशी खेळांत रेषेचा अर्थ याहून फार कडक आहे. हुतूतूंत रेषा ओलांडली कीं गडी बाद. चेंडू नाहींच, जो बाहेर गेला तोच गेला. गेल्या शतकाच्या आरंभीं पुणें, सातारा, बडोदें इत्यादि ठिकाणच्या व्यायामप्रेमी मंडळींनीं हुतूतू-कबड्डीला नियमांत बसविण्यास प्रारंभ केला, तेव्हांपासून या कडेचा विचार कसा होत गेला तें पाहण्याजोगें आहे. आजच्या कबड्डींत दोन्हीं अंगांना एकेक मीटर रुंदीची पट्टी असते, तिला लॉबी म्हणतात. चढाई करणारानें कोणास स्पर्श केला नसेल तोंवर ती पट्टी परकी. तींत पाऊल पडलें तर बाद. स्पर्श होऊन झटापट सुरू झाली कीं तीच पट्टी मैदानाचा भाग होते. किती शहाणपणाची योजना! झोंबाझोंबींत कोणी कोणाला रेटून रेषेपलीकडे नेलें एवढ्यावर निकाल लागूं नये, म्हणून रेषेलाच थोडें मागें सरकण्याची परवानगी दिली. फुटबॉलच्या नियमकारांना अशी लवचिक रेषा कधीं सुचली नाहीं. त्यांची रेषा अचल. म्हणून त्यांना सारा नियम फेकणाराच्या अंगावर लादावा लागला. त्याचे हात, मग पाय, मग जागा.

पायांची कथा थोडक्यांत अशी. रेषेवर उभें राहूनच फेकलें पाहिजे हें १८९५ सालीं ठरलें. त्यानंतर पायांच्या शब्दरचनेंत पुन्हां पुन्हां फेरफार झाले. आज धांवत येण्यास हरकत नाहीं, चेंडू सुटतांना दोन्हीं पाय भुईवर असले म्हणजे झालें. १९३१ पर्यंत चुकीच्या फेकीबद्दल प्रतिपक्षाला फ्री-किक मिळे. त्या वर्षापासून नुसती फेकच मिळूं लागली. अपराध तोच, दंड हलका झाला. दंड हलका झाला म्हणजे पंचाचा हात शिट्टीकडे लवकर जातो, हा आमचा तर्क आहे. फ्री-किक द्यावयाची असती तर आमच्या त्या सज्जन पंचांनीं कदाचित् दोनदां विचार केला असता.

पण या सर्वांहून दूरवर परिणाम करणारा फेरफार १९२० सालचा. तोंवर फेकीच्या वेळीं सुद्धां ऑफसाईडचा नियम लागू होता. प्रतिपक्षाच्या गोलाजवळ आगाऊ जाऊन उभ्या राहिलेल्या गड्याकडे चेंडू टाकतां येत नसे. त्यामुळें बचाव करणारे पुढें सरकून साऱ्या खेळाला रेषेजवळच्या एका पट्ट्यांत कोंडीत. चेंडू आंत आला कीं पुन्हां बाहेर, पुन्हां आंत. खेळ मोकळा व्हावा म्हणून फेकीला ऑफसाईडमधून सूट देण्यांत आली. हेतु चांगला, व तो बराच सफलही झाला. मात्र एक दार उघडें राहिलें. हातांना पुरेसें बळ असलें तर आतां चेंडू सरळ गोलाच्या तोंडाशीं उभ्या असलेल्या स्वपक्षीयांच्या डोक्यावर टाकतां येणार होता, आणि त्यांना ऑफसाईड म्हणून कोणी हटकणार नव्हतें. १८८२ सालीं एका हाताची ताकद काढून घेतली. १९२० सालीं दोन हातांच्या ताकदीला मोल आणून दिलें.

तें मोल ओळखणारे लगेच फारसे निघाले नाहींत. १९३० नंतरच्या दशकांत इंग्लंडचा सॅम वीव्हर लांब फेकीसाठीं प्रसिद्ध झाला. परंतु या दारांतून खरी स्वारी आली ती १९२० नंतर तब्बल ८८ वर्षांनीं. २००८ सालीं स्टोक नांवाच्या कुंभारकामाबद्दल प्रसिद्ध असलेल्या शहराचा संघ इंग्लंडच्या वरच्या श्रेणींत चढला. त्यांत रोरी डिलॅप हा गडी होता. शाळेंत असतांना त्यानें भालाफेकींत प्राविण्य मिळविलें होतें. रेषेवर चेंडू मिळाला कीं तो टॉवेलानें खसखसून पुशी, चार पावलें धांवत येई आणि चेंडू उंच न चढवितां सपाट, बाणासारखा गोलासमोर सोडी. त्या नोव्हेंबरांत आर्सेनलसारखा नाणावलेला संघ स्टोकला दोन विरुद्ध एक हरला. स्टोकचे दोन्हीं गोल डिलॅपच्या फेकींतून आले. त्याच महिन्यांत हल संघाच्या गोलरक्षकानें याहून मजेदार गोष्ट केली. चेंडू कडेच्या रेषेबाहेर मारला तर डिलॅप फेकणार, या भीतीनें त्यानें तो मुद्दाम गोलाशेजारून मागें मारून प्रतिपक्षास कॉर्नर बहाल केला! कॉर्नरवरून पायानें मारलेला चेंडू हा फेकीपेक्षां भारी, असें सव्वाशें वर्षें सर्वांनीं गृहीत धरलें होतें.

ही करामत स्टोकपुरती राहिली नाहीं. २०१६ सालीं युरोपच्या स्पर्धेंत चिमुकल्या आइसलंडनें इंग्लंडला हरविलें, तेव्हां त्यांचा पहिला गोल गुन्नारसन या कप्तानाच्या लांब फेकीतून झाला. २०१८ सालीं लिव्हरपूलनें केवळ फेक शिकविण्यासाठीं ग्रॉनेमार्क नांवाचा डॅनिश शिक्षक ठेवला, तेव्हां पुष्कळांनीं हंसून घेतलें. त्याचें म्हणणें साधें होतें. एका सामन्यांत चाळीस-पन्नास वेळां चेंडू असा हातीं येतो, आणि बहुतेक संघ तो पुढल्या दोन क्षणांत घालवितात. तेव्हां लांब फेकण्याइतकेंच हुशारीनें, लवकर, मोकळ्या गड्याकडे फेकणेंही शिकावें. आम्हांस हा मनुष्य फार आवडला. पंधराव्या नियमाला साऱ्या जगांत कोणीच विषय समजत नव्हतें, तेथें त्यानें विषय पाहिला.

नियमकारांनाही मधून मधून फेकीची चीड आलेली आहे. १९९३ सालीं जपानमध्यें झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेंत फेक रद्द करून पायानें चेंडू आंत मारण्याचा प्रयोग झाला. त्यापुढल्या हंगामांत इंग्लंडांतील एका खालच्या श्रेणीच्या लीगमध्येंही तो झाला. शेफील्डला सव्वाशें वर्षांनीं न्याय मिळतोसें वाटलें. पण घडलें असें कीं, प्रत्येक वेळीं संघ थांबून, उंचापुऱ्या गड्यांना पुढें पाठवून, रेषेवरून चेंडू गोलासमोर उचलून मारूं लागले. खेळ जलद व्हावा म्हणून केलेल्या उपायानें तो मंदावला, आणि प्रयोग सोडून द्यावा लागला. इतकें होऊनही कांहीं वर्षांपूर्वीं पायाची सूचना पुन्हां पुढें आली, आणि ती मांडणारा फिफाचा अधिकारी कोण, तर २००८ सालीं स्टोकच्या मैदानावर हरलेल्या आर्सेनलचा त्या वेळचा व्यवस्थापक आर्सेन वेंगर! हे नियम ठरविणाऱ्या मंडळांत इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड यांना एकेक मत आहे आणि बाकी साऱ्या जगाला मिळून चार. एकशेंचाळीस कोटींच्या आमच्या देशाचें स्वतंत्र मत त्यांत नाहीं, वेल्सचें आहे. तें असो; फुटबॉलमधील आपली गति पाहतां या अन्यायाविरुद्ध सत्याग्रह करण्यास आम्ही सध्यां तयार नाहीं.

फेकीतून सरळ गोल होत नाहीं, या नियमाचीही एक करुण-विनोदी कथा आहे. २००२ सालीं ॲस्टन व्हिलाच्या मेलबर्गनें आपल्याच गोलरक्षकाकडे चेंडू फेकला. तो त्या बिचाऱ्याच्या पायाखालून निसटून गोलांत गेला. गोलरक्षकाचा पाय लागला नसेल तर गोल नव्हे. लागला असेल तर गोल. पंचांनीं लागला असें धरलें, आणि शेजारच्या बर्मिंगहॅम संघाला न मागतां गोल मिळाला. पूर्वीं असा चेंडू गोलरक्षक सरळ हातांत घेऊन वेळ काढीत बसत असे. १९९७ पासून स्वपक्षीयाची फेक हातांनीं धरण्यास त्याला बंदी झाली. हाताची हकालपट्टी, पाहा, अजूनही चालूच आहे.

आमच्याकडे कोल्हापुरांत तालमींनीं कुस्तीबरोबर हा खेळही आपला केला आहे. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार अशा तालमींच्या नांवांचे संघ एकमेकांशीं झुंजतात तेव्हां सारा पेठेचा अभिमान पणाला लागतो. एकदां तेथील शाहू स्टेडियमवर सामना पाहण्याचा योग आला होता. चेंडू बाहेर गेला कीं तो कोणाचा याचा निकाल पंचांआधीं प्रेक्षक देत होते, आणि दोन बाजूंचे दोन निकाल अर्थातच निराळे. मैदानांतील इतर सर्व जागांपेक्षां खेळाडू व प्रेक्षक एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात ती जागा हीच. तेथें उभ्या असलेल्या मुलाला मागून एक शब्द ऐकूं येत नाहीं असें नाहीं. आमच्या मुलानें तिसऱ्या वेळीं चेंडू दुसऱ्याच्या हातीं कां दिला, याचें अर्धें कारण पंचांच्या शिट्टींत नव्हे, तर मागून आलेल्या हंशांत होतें.

दोन दिवसांनीं त्याला आम्हीं घरीं बोलाविलें व नियमाचें पुस्तक पुढें ठेवून म्हटलें, "हें बघ, यांत गिरकीबद्दल एक अक्षर नाहीं. पण दोन्हीं हातांनीं फेक, असें आहे. तुझा डावा हात नुसता चेंडूला टेकलेला असतो कीं तोही जोर लावतो?" तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, खरं सांगू? मला नाही माहीत." या उत्तरापुढें आमची सारी वकिली थांबली. पंचांचा कारणभाग चूक होता, हें आम्ही आजही म्हणतों. लांबी आणि गिरकी हे गुन्हे नव्हेत. पण त्यांचा निकाल चूक होता कीं नाहीं, हें त्या मुलाच्या डाव्या हातालाच ठाऊक.

मग गनसाहेबाची हकीकत त्याला सांगितली. बॅटीवरचें नांव ओळखीचें निघाल्यानें तो खूष झाला. संध्याकाळीं मैदानावर सराव होता. पाऊस नुकताच उघडला होता. भिंतीसमोर उभें राहून, उजव्या हाताला आवर घालून, डाव्यानें जोर लावीत तो शंभर-दीडशें वेळां फेकत राहिला. चेंडू जवळ पडत होता, पण सरळ जात होता. काळोख पडूं लागला तेव्हां त्यानें आमच्याकडे पाहून विचारलें, "सर, एकदाच, त्या साहेबासारखा टाकून बघू?" आम्ही हो म्हटलें. त्यानें चेंडू सदऱ्याला पुसला, रेषेवर आला, आणि एका हातानें, गोफण सोडावी तसा सोडला. मधलें वर्तुळ ओलांडून तो पलीकडच्या अंगाला चिखलांत जाऊन पडला. मैदानावरचा शिपाई कुरकुरत कंदील घेऊन तो आणावयास गेला.